स्कापा फ्लोचा घड्याळजी कधी नव्हताच

जर्मन पाणबुडी कमांडर ग्युंटर प्रीन याच्याबद्दलचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. माझ्याकडे तो तीन ग्रुपांवरून आला. तिसऱ्या वेळी तर ज्यांच्या वाचनाबद्दल मला मनापासून आदर आहे अशा एका ज्येष्ठ स्नेह्यांनी 'जरूर वाच' असं लिहून पाठवला. मेसेजमधली गोष्ट थोडक्यात अशी: पहिल्या महायुद्धात लढलेला आल्फ्रेड वेरिंग नावाचा जर्मन नौदल अधिकारी १९२७ मध्ये स्विस घड्याळजीचं सोंग घेऊन स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवरच्या किर्कवॉल गावात जाऊन राहिला. आल्बर्ट ओर्टेल हे नाव लावून त्यानं बारा वर्षं घड्याळं दुरुस्त केली. ऑक्टोबर १९३९ मध्ये त्याला कळलं की ब्रिटिश नौदलाच्या स्कापा फ्लो या अभेद्य तळाची एक वाट उघडी आहे. त्यानं बिनतारी संदेश पाठवला, रात्री होडीतून जाऊन तो प्रीनच्या पाणबुडीवर चढला, स्वतः वाट दाखवली, आणि प्रीननं दोन बलाढ्य युद्धनौकांना टॉर्पेडो मारले. पुढे मेसेज प्रीनची आरती ओवाळतो. तो त्या युद्धातला सर्वांत यशस्वी पाणबुडी कमांडर होता, त्यानं फक्त सैनिकांशी युद्ध केलं, नाझींशी त्याचा संबंध नव्हता, आणि हिटलरला तोंडावर सुनावल्यामुळे त्याला छळछावणीत मरावं लागलं.

घड्याळजीची गोष्ट मी शाळेत असताना वाचनालयातल्या एका जुन्या अंकात वाचली होती आणि कित्येक वर्षं ती खरी मानून चाललो होतो. नंतर नौदलांच्या इतिहासाचा नाद लागला आणि एकेक धागा उसवत गेला. म्हणून मेसेज पाठवणाऱ्या कुणालाही मी नावं ठेवत नाही. पण त्या रात्री स्कापा फ्लोच्या पाण्यात ८३५ माणसं मेली. ती कशामुळे मेली, हे तरी नीट सांगितलं पाहिजे.

आधी घड्याळजीबद्दल, कारण सगळी गोष्ट त्याच्याच खांद्यावर उभी आहे.

हा माणूस पहिल्यांदा छापून आला तो १९४२ साली, म्हणजे घटनेनंतर अडीच वर्षांनी, आणि तोही ब्रिटनमध्ये नव्हे. जर्मनीतून परागंदा होऊन अमेरिकेत गेलेल्या एका पत्रकारानं 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकात ही कहाणी लिहिली. युद्ध चालू होतं, हेरांच्या गोष्टींना तेव्हा प्रचंड मागणी होती, आणि पडताळून पाहायची सोय कुणाकडेच नव्हती. पुढे नाझी हेरखात्यातला बडा अधिकारी वाल्टर श्वेलेनबर्ग याच्या आठवणी त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाल्या. त्यांतही हाच घड्याळजी आला, आणि 'खुद्द हेरखात्याचा प्रमुख सांगतोय' म्हटल्यावर गोष्टीला वजन आलं. तिथून ती पुस्तकांत, मासिकांत आणि आता आपल्या फोनवर पोचली.

युद्ध संपल्यावर पत्रकार आणि अभ्यासक ऑर्कनीत जाऊन लोकांना विचारू लागले. किर्कवॉल म्हणजे काही हजार वस्तीचं गाव. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावात बारा वर्षं दुकान चालवणारा परदेशी घड्याळजी कुणाला आठवणार नाही, असं होईल का? किर्कवॉलमधल्या एकाही माणसाला असा घड्याळजी आठवला नाही. ओर्टेल नाही आणि वेरिंगही नाही. दोस्त राष्ट्रांच्या हाती लागलेल्या जर्मन हेरखात्याच्या कागदपत्रांतही त्याचा मागमूस नाही.

पण माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा पाणबुडीच्या रोजनिशीत आहे. प्रीनची पाणबुडी यू-४७. तिची त्या रात्रीची नोंद उपलब्ध आहे. पूर्वेकडून आत शिरताना प्रीन चुकला. कर्क साउंड या वाटेनं जायचं होतं, पण समोर दिसणारी शेजारची स्केरी साउंड हीच आपली वाट असं त्याला वाटलं. दिशा आणि अंतराचा हिशेब ठेवणाऱ्या श्पार या सहकाऱ्यानं सावध केलं म्हणून पाणबुडी वेळेत वळली. मग वाट अडवण्यासाठी बुडवून ठेवलेल्या जुन्या जहाजाच्या साखळदंडाला ती घासली, क्षणभर अडली आणि निसटली. बारा वर्षं त्या किनाऱ्यावर राहिलेला वाटाड्या बाजूला उभा असता तर यातलं काही घडायचं कारण नव्हतं. वाटाडा पाणबुडीवर चढल्याचा उल्लेखही त्या नोंदीत नाही.

आणि आत गेल्यावर काय दिसलं? जवळपास रिकामा तळ. जर्मन टेहळणी विमानांनी १२ ऑक्टोबरला तिथे मोठा ताफा पाहिला होता. पण त्यानंतर बराचसा ताफा तिथून हलला आणि दुसऱ्या बंदरांत पांगला. प्रीननं पश्चिमेकडे नजर टाकली तर मोठं जहाज एकही नाही. किर्कवॉलहून स्कापाचा किनारा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे बसलेल्या हेरानं पाणबुडीला बोलावून घेतलं आणि भक्ष्य निघून गेल्याचं तेवढं सांगितलं नाही, हे मला पटत नाही.

मग जर्मनांना वाट कशी कळली? विमानातून काढलेल्या फोटोंवरून. पाणबुडी दलाचा प्रमुख कार्ल डोनिट्झ यानं सप्टेंबर १९३९ मध्ये स्कापा फ्लोच्या सगळ्या वाटांचे फोटो काढून घेतले. त्याच महिन्यात होर्स्ट वेल्नर या कमांडरनं आपल्या पाणबुडीतून ऑर्कनीच्या आसपासचे पाण्याचे प्रवाह तपासून आणले. कर्क साउंडमध्ये बुडवलेल्या जहाजांच्या एका बाजूला अरुंद फट राहिली आहे हे फोटोंत दिसत होतं. पाणबुडी बुडी न मारता, पृष्ठभागावरूनच, भरती पूर्ण भरून प्रवाह थबकलेला असताना त्या फटीतून जाऊ शकेल असा डोनिट्झचा हिशेब होता. १ ऑक्टोबरला त्यानं प्रीनला बोलावलं, नकाशे आणि फोटो पुढे ठेवले आणि विचार करायला ४८ तास दिले. प्रीननं दुसऱ्याच दिवशी होकार कळवला. ८ ऑक्टोबरला यू-४७ कीलहून निघाली. १३ आणि १४ ऑक्टोबरच्या मधली रात्र निवडली ती अमावास्या नुकतीच होऊन गेली होती म्हणून. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. अमावास्येचं उधाण म्हणजे एरवी उथळ असलेल्या वाटेतही पाणी भरपूर, आणि वर काळोख. काळोखाचा अंदाज मात्र चुकला, कारण त्या रात्री उत्तरेकडच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश उजळला आणि सगळी खाडी दिसू लागली. प्रीननं आपला वैताग रोजनिशीत नोंदवलाय.

फोटो, भरतीचं वेळापत्रक आणि धाडस. हेराची जागा या साखळीत कुठेच रिकामी राहत नाही.

'दोन बलाढ्य युद्धनौका'. हा दावा खुद्द प्रीनचाच, आणि जर्मन प्रचारखात्यानं तो जगभर पोचवला. प्रीनला वाटलं की आपल्यासमोर दोन मोठ्या नौका आहेत आणि त्यांतली एक 'रिपल्स'. तिलाही टॉर्पेडो लागल्याचं त्यानं कळवलं. 'रिपल्स' त्या रात्री स्कापात नव्हती. तिथे होती ती 'पेगासस', समुद्री विमानं वाहणारी जुनी, छोटी नौका, आणि तिला काहीही झालं नाही. 'रिपल्स' पुढे १० डिसेंबर १९४१ रोजी मलायाच्या किनाऱ्यालगत 'प्रिन्स ऑफ वेल्स'बरोबर जपानी विमानांनी बुडवली. बुडाली ती एकटी 'रॉयल ओक'. पहिल्या महायुद्धात जटलंडच्या लढाईत उतरलेली ही युद्धनौका १९३९ पर्यंत म्हातारी झाली होती. हल्ल्याच्या काही दिवस आधी जर्मन जहाजांच्या शोधासाठी ती वादळात बाहेर पडली, पण बाकीच्यांच्या वेगाला पुरी पडली नाही आणि परत फिरली. किनाऱ्यावरच्या रडार केंद्राला तिच्या विमानवेधी तोफांचा आधार होता, म्हणून ती खाडीच्या ईशान्य कोपऱ्यात नांगरून राहिली.

रात्री एक वाजून चार मिनिटांनी तिच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, पहिला स्फोट झाला. बंदिस्त, सुरक्षित समजल्या जाणाऱ्या खाडीत टॉर्पेडो येईल हे कुणाच्या मनातही नव्हतं. कोठारातल्या कुठल्यातरी ज्वालाग्राही मालाचा स्फोट झाला असावा असं अधिकाऱ्यांना वाटलं. बरेच खलाशी पुन्हा झोपायला गेले. प्रीनचे बाकीचे टॉर्पेडो वाया गेले होते. त्यानं मागच्या नळीतून एक सोडला, तोही चुकला. मग त्या शत्रूच्या खाडीतच त्यानं नळ्या पुन्हा भरून घेतल्या आणि बारा मिनिटांनी तीन टॉर्पेडो एकापाठोपाठ लागले. त्यानंतर तेरा मिनिटांत 'रॉयल ओक' उलटून तळाशी गेली. १९७१ च्या डिसेंबरमध्ये दीवजवळ आपली 'खुकरी' किती थोड्या वेळात बुडाली, हे ज्यांनी वाचलंय त्यांना ही तेरा मिनिटं कशी असतील याची कल्पना येईल. झोपेतून उठून काळोखात शिडी शोधायची आणि जहाज आडवं झालेलं. पाण्यावर जाड तेलाचा थर, पाणी बर्फासारखं. 'डेझी २' नावाच्या छोट्या मासेमारी बोटीचे कप्तान जॉन गॅट यांनी दिवे लावून ३८६ जणांना वर ओढून घेतलं. पाणबुडी आत आहे हे माहीत नसलं तरी धोका आहे एवढं तर दिसतच होतं. त्या रात्रीचा नायक शोधायचाच तर मला हे कप्तान आधी आठवतात. मेलेल्यांत रिअर अ‍ॅडमिरल हेन्री ब्लॅग्रोव्ह होते आणि शंभराहून अधिक पोरं होती. 'बॉय सीमन' हा हुद्दा असलेली, अठराही पूर्ण न झालेली.

आता 'अभेद्य' या शब्दाकडे येतो, कारण या साऱ्या गोष्टीत सर्वांत जास्त दिशाभूल तोच करतो.

स्कापा फ्लो अभेद्य आहे ही समजूत पहिल्या महायुद्धातून आलेली. १९१४ मध्ये यू-१८ आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये यूबी-११६ या जर्मन पाणबुड्यांनी तिथे शिरायचा प्रयत्न केला आणि दोन्ही संपल्या. १९१९ मध्ये शरण आलेल्या जर्मन ताफ्यानं स्वतःची जहाजं बुडवली तीही याच खाडीत, त्यामुळे जर्मन नौदलाच्या मनात या जागेबद्दल एक खोल सल होता. पण वीस वर्षांत पहारा सुटत गेला. बुडवलेली जहाजं गंजली, सरकली, जाळी आणि तोफा अपुऱ्या राहिल्या. ऑर्कनीचे नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल सर विल्फ्रेड फ्रेंच यांनी १९३९ च्या उन्हाळ्यातच वरिष्ठांना बजावलं होतं की प्रवाह थबकलेला असताना पूर्वेकडच्या या वाटेनं आपण स्वतः पाणबुडी आत नेऊ शकू. वाट बुजवायला आणखी जुनी जहाजं मागवण्यात आली, पण काम रेंगाळलं. शेवटचं जहाज स्कापात पोचलं तेव्हा 'रॉयल ओक' बुडून गेली होती.

चौकशी झाली. सक्तीनं निवृत्त कोण झालं? ज्यांनी आधी इशारा दिला तेच फ्रेंच.

हे वाचल्यावर घड्याळजी एवढा लोकप्रिय का झाला ते मला कळू लागलं. बारा वर्षं दबा धरून बसलेल्या, कुणालाही न ओळखता आलेल्या हेरापुढे ब्रिटिश नौदल हरलं असं म्हटलं की कागदांवर झोपा काढणाऱ्या कचेऱ्यांचा प्रश्नच उरत नाही. जर्मन हेरखात्यालाही ती गोष्ट गोड वाटणारीच. आणि वाचकाला तर एक माणूस, एक रहस्य, एक सूड एवढंच पुरतं. मरण पावलेल्यांच्या आईवडिलांना मात्र खरं उत्तर हवं होतं आणि ते फार साधं होतं. दार उघडं आहे हे माहीत असूनही ते वेळेत लावलं गेलं नाही.

नंतर ते पक्कं लावलं गेलं. त्या वेळचे नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांच्या आदेशानं पूर्वेच्या चारही वाटा दगड आणि काँक्रीटच्या बांधांनी बुजवल्या. आज त्यांवरून मोटारी धावतात. बांधाच्या कामावर उत्तर आफ्रिकेत पकडलेले इटालियन युद्धकैदी होते. लॅम्ब होम बेटावर पत्र्याच्या दोन बराकी जोडून त्यांनी केलेलं चर्च अजून उभं आहे.

इटालियन कैद्यांचा विषय निघालाय तर 'प्रीननं फक्त सैनिकांशी युद्ध केलं' हे वाक्य इथेच तपासू. २ जुलै १९४० रोजी आयर्लंडच्या वायव्येला यू-४७ नं 'अरँडोरा स्टार' हे जहाज बुडवलं. लिव्हरपूलहून कॅनडाला निघालेल्या या जहाजावर ब्रिटननं स्थानबद्ध केलेले इटालियन आणि जर्मन नागरिक होते. लंडन, वेल्स, स्कॉटलंडमध्ये वर्षानुवर्षं राहून हॉटेलं आणि आइस्क्रीमची दुकानं चालवणारी माणसं. मुसोलिनीनं युद्ध पुकारलं म्हणून रातोरात शत्रू ठरलेली. आठशेहून अधिक लोक बुडाले, त्यांत इटालियनच चारशेहून जास्त. जर्मनीच्या मित्रराष्ट्राचे नागरिक आणि खुद्द जर्मन माणसं जर्मन टॉर्पेडोनं मेली.

इथे प्रीनवर अन्यायही करायचा नाही. जहाज करड्या रंगाचं होतं, त्यावर तोफा होत्या, आत कैदी आहेत असं सांगणारी कुठलीही खूण नव्हती, सोबत संरक्षक नौका नव्हती. आत कोण आहे हे त्याला कळायचा मार्ग नव्हता. युद्धाच्या अगदी पहिल्या दिवसांत, ५ सप्टेंबर १९३९ रोजी 'बॉस्निया' हे मालवाहू जहाज बुडवताना त्याच्या खलाशांना नॉर्वेच्या जहाजावर पोचवण्याची त्यानं काळजी घेतली होती, हेही खरं. पण हळूहळू नियम बदलले. वाचलेल्यांना उचलू नका असा हुकूम डोनिट्झनं १९३९ संपण्याआधीच काढला, आणि त्यानंतरचं पाणबुडी युद्ध म्हणजे व्यापारी जहाजांच्या तांड्यांवर रात्री केलेले हल्ले. प्रीनच्या नावावर 'रॉयल ओक' सोडून सुमारे तीस जहाजं आहेत आणि ती सगळी व्यापारी. त्यांवरचे खलाशी सैनिक नव्हते. कोळसा, लाकूड, धान्य, तेल वाहून नेणारे पगारी कामगार होते. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर तेव्हा आपल्याकडचेही हजारो खलाशी राबत होते. मुंबईच्या गोदीतून आणि कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरून बोटीवर गेलेल्या अनेक घरांमध्ये टॉर्पेडो हा शब्द त्या काळात पोचला तो मृत्यूच्या बातमीतून.

'सर्वांत यशस्वी कमांडर' याचं उत्तर दोन ओळींत देता येतं. प्रीननं बुडवलेली व्यापारी जहाजं मिळून सुमारे १ लाख ६२ हजार टनांची. ऑटो क्रेचमरनं सुमारे २ लाख ७३ हजार टन बुडवले, आणि तोही मार्च १९४१ मध्येच पकडला गेला. प्रीन सर्वांत प्रसिद्ध होता एवढंच म्हणता येईल.

ही प्रसिद्धी कुणी घडवली हे पाहिलं की 'नाझींशी संबंध नव्हता' या दाव्यापाशी आपण आपोआप येतो.

प्रीनचा जन्म १६ जानेवारी १९०८ चा, गरिबीतला. पंधराव्या-सोळाव्या वर्षी तो व्यापारी जहाजावर पोऱ्या म्हणून लागला आणि कष्टानं शिकत कप्तानकीच्या परवान्यापर्यंत पोचला. परवाना हातात आला तेव्हा जागतिक मंदी होती, जहाजं बंदरांत उभी होती, नोकरी नव्हती. १९३२ मध्ये तो नाझी पक्षाचा सदस्य झाला. हिटलर तेव्हा सत्तेवर आलेला नव्हता, म्हणजे नोकरी टिकवण्यासाठी नाव नोंदवायची सक्ती कुणी केलेली नव्हती. १९३३ च्या सुरुवातीला तो नौदलात साधा खलाशी म्हणून भरती झाला. सैन्यात असताना पक्षाचं सदस्यत्व ठेवता येत नसे, त्यामुळे ते आपोआप सुटलं. मेसेज लिहिणाऱ्यानं बहुधा एवढीच अर्धी ओळ उचलली असावी. बेकारीनं गांजलेल्या तरुणाला हिटलरमध्ये आशा दिसली, हे मला समजू शकतं. पण समजणं म्हणजे पुसून टाकणं नव्हे.

स्कापाहून परतल्यावर सगळ्या खलाशांना हिटलरच्या खास विमानानं बर्लिनला नेलं, रस्त्यांवर गर्दी लोटली, आणि १८ ऑक्टोबर १९३९ रोजी हिटलरनं स्वतः प्रीनच्या गळ्यात नाइट्स क्रॉस घातला. पाणबुडी दलातला हा मान मिळालेला तो पहिला. १९४० मध्ये त्याच्या नावावर आत्मचरित्र निघालं, शाळकरी मुलांनी ते डोक्यावर घेतलं, आणि त्यातली किती मुलं पुढे पाणबुड्यांत मेली असतील हा विचार माझी पाठ सोडत नाही. राजवटीला एक हसरा, धाडसी, गरिबीतून वर आलेला नायक हवा होता आणि प्रीननं ती भूमिका निभावली.

'हिटलरला तोंडावर सुनावलं' याला कुठलाही आधार नाही. वरिष्ठांकडे त्यानं एक तक्रार जरूर केली होती. एप्रिल १९४० मध्ये नॉर्वेच्या फियॉर्डमध्ये नांगरलेल्या जहाजांवर त्यानं आठ टॉर्पेडो सोडले आणि एकही धड फुटला नाही. लाकडी बंदूक हातात देऊन लढायला लावू नका, अशा अर्थाचं तो डोनिट्झला म्हणाला. ही तक्रार सदोष शस्त्राबद्दलची होती, राजवटीबद्दलची नव्हती. अंतरात्मा जागा झालेला प्रीन आला तो युद्धानंतर, पश्चिम जर्मनीत १९५० च्या दशकात निघालेल्या एका चित्रपटातून. त्या काळात जर्मनांना आपला नौदल अधिकारी स्वच्छ असलेला हवा होता.

विरोध करणारा पाणबुडी कमांडर हवा असेल तर तो होऊन गेलाय. ऑस्कर कुश, यू-१५४ चा कमांडर. त्यानं पाणबुडीतली हिटलरची तसबीर काढून ठेवली, परदेशी रेडिओ ऐकला, युद्ध हरणार हे मोकळेपणानं बोलला. त्याच्याच हाताखालच्या अधिकाऱ्यानं त्याच्याविरुद्ध तक्रार केली, लष्करी न्यायालयानं मृत्युदंड दिला, आणि १२ मे १९४४ रोजी कीलमध्ये त्याला गोळ्या घातल्या. वय अवघं सव्वीस. डोनिट्झनं त्याच्यासाठी एक शब्द टाकला नाही. जर्मन न्यायव्यवस्थेनं त्याचं नाव निर्दोष ठरवायला १९९६ साल उजाडलं. कुशला मिळायला हवा तो मान प्रीनला देऊन टाकणारा मेसेज पुढे पाठवताना माझे हात थांबतात, ते यामुळे.

राहिला मृत्यू. छळछावणीची वावडी का उठली हे सांगता येतं. यू-४७ चा शेवटचा बिनतारी संदेश ७ मार्च १९४१ चा. ओबी २९३ या तांड्याचा अटलांटिकमध्ये पाठलाग चालू होता. त्यानंतर शांतता. जर्मन सरकारनं प्रीनच्या मृत्यूची घोषणा केली ती थेट २३ मे रोजी, अडीच महिन्यांनी. एवढा मोठा नायक बेपत्ता, सरकार गप्प, मग कुजबुज होणारच. प्रीननं बाहेर पडायला नकार दिला, त्याला शिक्षा तुकडीत टाकलं, एस्टरवेगनच्या छावणीत त्याला पाहिलं, अशा कहाण्या युद्धानंतरही छापून येत राहिल्या. पण प्रीन एकटा नव्हता. यू-४७ वर सुमारे ४५ माणसं होती. त्या सगळ्यांना जिवंत उतरवून गुपचूप छावण्यांत कोंबलं आणि एकाचाही माग लागला नाही, असं मानावं लागेल. शिवाय ७ मार्चपर्यंत समुद्रावरून त्याचे संदेश येतच होते आणि जवळच्या पाणबुड्यांना ते मिळत होते. घोषणा लांबवण्याचं कारण दुसरंच होतं. १७ मार्चला एकाच रात्री योआखिम शेप्के मारला गेला आणि क्रेचमर पकडला गेला. दहा दिवसांत तीन सर्वांत नावाजलेले कमांडर गेले, हे जनतेला एकदम सांगायची राजवटीची तयारी नव्हती.

काही जण उलट टोकाला जाऊन 'ब्रिटिश विनाशिका वुल्व्हरीननं प्रीनला थरारक पाठलागात बुडवलं' असं लिहितात. हे मात्र वावडी म्हणून झटकता येत नाही, कारण कित्येक वर्षं अधिकृत नोंदच तशी होती. पुढे दोन्ही बाजूंच्या नोंदी शेजारी ठेवून ताळा केला तेव्हा दिसलं की वुल्व्हरीननं त्या रात्री जिच्यावर हल्ला केला ती यू-ए नावाची दुसरीच पाणबुडी होती, आणि ती नुकसान सोसून परत गेली. मग यू-४७ चं काय झालं? सुरुंग, आतला अपघात, वळून परत आलेला स्वतःचाच टॉर्पेडो किंवा दुसऱ्या एखाद्या नौकेचा हल्ला, यांपैकी कशालाही पुरावा नाही. तिचे अवशेष सापडलेले नाहीत.

'रॉयल ओक' मात्र कुठे आहे ते सगळ्यांना माहीत आहे. खाडीच्या ईशान्य कोपऱ्यात ती उलटी पडलेली आहे. युद्धस्मशान म्हणून तिथे परवानगीशिवाय बुडी मारायला मनाई आहे. दर ऑक्टोबरमध्ये नौदलाचे पाणबुडे खाली जाऊन तिच्यावरचा जुना झेंडा उतरवतात आणि नवा लावून येतात.